नातू लंडनला जन्मला, पण देश कुठला?

विलेपार्ल्याच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगी आणि जावई दोघंही भारतीय पासपोर्टवर, तीन वर्षांपासून इंग्लंडमध्ये. मुलीचा स्किल्ड वर्कर व्हिसा, जावई तिच्यावर अवलंबित म्हणून गेलेले. नातू तिथल्याच इस्पितळात झाला. घरात सगळ्यांनी गृहीत धरलं की तो ब्रिटिश. येत्या दिवाळीत त्याला मुंबईला आणायचं म्हणून ब्रिटिश पासपोर्टची चौकशी केली, तेव्हा कळलं की तो मिळणार नाही. बाळ साडेदहा महिन्यांचं झालंय. ताई विचारतात, "मग आमचा नातू नक्की कुठल्या देशाचा?"

ताई, कायदा समजावण्याआधी तारखेचं बोलतो. बाळाचा पहिला वाढदिवस दीड महिन्यावर आलाय आणि तुमच्या प्रश्नात तीच सगळ्यात मोठी गोष्ट आहे. भारतीय आईवडिलांचं मूल परदेशात जन्मलं तर त्याची नोंदणी तिथल्या भारतीय वकिलातीत जन्मापासून एक वर्षाच्या आत व्हावी लागते. ती झाली की तुमचा नातू भारतीय नागरिक. आज मात्र, नोंदणी झालेली नसल्यामुळे, तो कागदोपत्री कुठल्याच देशाचा नाही. हे वाचून छातीत धस्स होईल, पण अजून वेळ आहे. मुलीला आजच फोन करा, आणि मग पुढचं सावकाश वाचा.

आता तो ब्रिटिश का नाही ते सांगतो. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९८३ पासून नियम बदलला. त्या तारखेनंतर नुसतं तिथं जन्मून भागत नाही. जन्माच्या दिवशी आई किंवा वडील यांपैकी एक जण ब्रिटिश नागरिक हवा किंवा त्याच्याकडे तिथं कायम राहण्याची परवानगी हवी. कामाचा व्हिसा, विद्यार्थी व्हिसा, जोडीदाराच्या जिवावर मिळालेला व्हिसा हे सगळे मुदतीचे. मुलगी कर भरते, घरभाडं भरते, तिथल्या आरोग्यसेवेचा अधिभार भरते, पण त्यानं परवाना कायमचा होत नाही. या विषयात 'जन्माच्या दिवशी' हे दोन शब्द पक्के लक्षात ठेवा. कायमची परवानगी जन्मानंतर दोन दिवसांनी मिळाली तरी बाळ जन्मानं ब्रिटिश ठरत नाही. त्याच्यासाठी मग वेगळा अर्ज करावा लागतो.

तो वेगळा अर्ज तुमच्या नातवाला पुढे उपयोगी पडेल. मूल अठराच्या आत असताना आईवडिलांपैकी एकाला कायमची परवानगी मिळाली, तर ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलाची ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता येते. स्किल्ड वर्करना ही परवानगी आजवर पाच वर्षांनी मागता येत आली आहे. तो काळ वाढवायचा इरादा तिथल्या सरकारनं २०२५ च्या श्वेतपत्रिकेत जाहीर केला, म्हणून पाच वर्षांच्या भरवशावर कुठले मोठे निर्णय घेऊ नका. दुसरी वाट दहा वर्षांची. मूल तिथं जन्मलं आणि पहिली दहा वर्षं तिथंच वाढलं, तर आईवडिलांचा परवाना कुठलाही असो, त्याला नोंदणीचा हक्क मिळतो. अट अशी की त्या दहांपैकी प्रत्येक वर्षात मूल ब्रिटनबाहेर ९० दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं.

आजी म्हणून तुम्हाला हे टोचेल, पण सांगायलाच हवं. आपल्याकडे नातवाला चार-पाच महिने आजोळी ठेवून घेण्याची हौस असते. मुलीची नोकरी, पाळणाघराचा तिथला खर्च, आणि इथे आजी-आजोबा हात पसरून बसलेले. दहा वर्षांची वाट मोकळी ठेवायची असेल तर हे मुक्काम मोजून करा. विमानाचे बोर्डिंग पास आणि पासपोर्टावरचे शिक्के एका फाइलमध्ये लावत जा. ९० च्या वर दिवस गेले तर तिथल्या अधिकाऱ्याला विशेष बाब म्हणून सूट देता येते, पण सूट ही त्याची मर्जी असते, तुमचा हक्क नव्हे.

आता एका धोक्याबद्दल, कारण हा सल्ला तुमच्या मुलीपर्यंत बहुधा पोचलाही असेल. "भारतीय नोंदणी करूच नका, बाळाला देशच नाही म्हटलं की पाच वर्षांत ब्रिटिश करून घेता येतं." हे हवेतून आलेलं नाही. २०१७ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला होता की भारतीय आईवडिलांच्या ज्या मुलाची वकिलातीत नोंदणीच झालेली नाही, ते तिथल्या कायद्यानं राष्ट्रविहीन धरलं जाईल आणि पाच वर्षं तिथं राहिल्यावर त्याला नोंदणी मागता येईल. त्यानंतर किती जोडप्यांनी मुद्दाम नोंदणी टाळली हे मी माझ्या टेबलासमोर बसलेल्या चेहऱ्यांवरून सांगू शकतो. २०२२ च्या नव्या कायद्यानं ती वाट बंद केली. आईवडिलांचं नागरिकत्व मुलाला सहज घेता येण्यासारखं असेल, तर ते न घेता राष्ट्रविहीन म्हणून अर्ज करता येत नाही. म्हणजे नोंदणी टाळणाऱ्याला आज ब्रिटिश पासपोर्टही मिळत नाही आणि वर्ष उलटल्यामुळे भारतीय नोंदणीही सहज होत नाही. मूल अधांतरी राहतं. कोणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी या वाटेला जाऊ देऊ नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

भारतीय बाजूचा कायदा १९५५ चा नागरिकत्व कायदा, कलम ४. १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाचे फक्त वडील भारतीय आहेत का एवढंच पाहत. आई भारतीय असून उपयोग नव्हता. त्या तारखेपासून दोघांपैकी एक जण भारतीय असला तरी चालतं. ३ डिसेंबर २००४ पासून वर्षाच्या आत नोंदणीची अट आली आणि तिच्याबरोबर आईवडिलांचं प्रतिज्ञापत्र आलं, की या मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही. तुमच्या नातवाकडे तो नाहीच, त्यामुळे तुमचं प्रकरण सरळ आहे.

वर्ष उलटलं तर दार कायमचं लागत नाही, केंद्र सरकारच्या परवानगीनं उशिराची नोंदणी होऊ शकते. पण मग उशीर का झाला याची कारणं लिहा, कागद दिल्लीला जाणार, वाट बघा, आणि तोवर बाळाला पासपोर्ट नाही. एका जोडप्याचं मूल अशा परवानगीची वाट पाहत असताना इकडे त्याचे पणजोबा गेले. आईनं बाळाला वडिलांपाशी ठेवलं आणि ती एकटी चार दिवसांसाठी आली. बाळ अंगावर पिणारं होतं. ती माझ्या ऑफिसात बसून घड्याळ बघत होती, ते मी विसरलेलो नाही.

कागद फार लागत नाहीत. तिथल्या नोंदणी कार्यालयाचा जन्मदाखला, पण पूर्ण नमुन्यातला, ज्यात आईवडिलांची नावं असतात. तिथं एक छोटा दाखलाही मिळतो, त्यावर फक्त बाळाची माहिती असते. तो इथं कामाचा नाही. दोघांचे पासपोर्ट, दोघांच्या ब्रिटिश परवान्याचा पुरावा, विवाह नोंदणी दाखला, दोघांच्या सह्यांचं प्रतिज्ञापत्र. नोंदणीबरोबरच बाळाच्या भारतीय पासपोर्टचा अर्जही करून टाकावा. लोक अडतात ते फोटोला आणि अंगठ्याला. फोटोत बाळाचे डोळे उघडे हवेत, मागे पांढरं हवं, आणि त्याला धरणाऱ्या आईची बोटं चौकटीत येता कामा नयेत. पांढऱ्या चादरीवर उताणं झोपवून वरून काढलेला फोटो बहुतेक वेळा जमतो. सहीच्या चौकटीत मुलाच्या डाव्या हाताचा अंगठा (मुलगी असेल तर उजव्या हाताचा) लागतो. साडेदहा महिन्यांचं मूल मूठ उघडत नाही, शाई चौकटीबाहेर फासली जाते आणि अर्ज परत येतो. गाढ झोपेत असताना घ्या. दोन-तीन कोरे फॉर्म जवळ ठेवा.

कायद्याच्या शब्दांत नोंदणी वर्षाच्या आत व्हायला हवी आहे, नुसता अर्ज टाकून ठेवणं धरू नका. म्हणून वाढदिवसाच्या आदल्या आठवड्यावर भिस्त नको.

दिवाळीचं मात्र मी खोटं आश्वासन देणार नाही. क्रम असा आहे: नोंदणी, मग भारतीय पासपोर्ट, मग त्या पासपोर्टवर ब्रिटनचा अवलंबित व्हिसा, मग प्रवास. ब्रिटनमध्ये जन्मलेलं मूल तिथं असेपर्यंत व्हिसा नसला तरी बेकायदा ठरत नाही. पण एकदा देशाबाहेर पडलं की परत जायला व्हिसा लागतो. नुसत्या पासपोर्टवर त्याला मुंबईला आणलं तर आईची रजा संपेल, ती परत जाईल आणि बाळ इथे व्हिसाची वाट बघत राहील. तेव्हा या दिवाळीचा हट्ट सोडा. पुढच्या गणपतीत तो चालत येईल.

इतर देशांबद्दलही मला रोज विचारणा होते, म्हणून थोडक्यात. कॅनडात जन्मलेलं मूल, आईवडील परदेशी राजदूत वगैरे नसतील तर, कॅनडाचं नागरिक असतं, व्हिसा कुठलाही असो. ऑस्ट्रेलियात २० ऑगस्ट १९८६ पासून एक पालक नागरिक किंवा कायम रहिवासी हवा, नाहीतर मूल जन्मापासून दहा वर्षं तिथंच राहिलेलं हवं. जर्मनीत एक पालक पाच वर्षं कायदेशीर राहिलेला आणि कायम वास्तव्याचा हक्क असलेला हवा. ही मुदत जून २०२४ पर्यंत आठ वर्षं होती. आखाती देशांत जन्मानं काहीच मिळत नाही. तिथं तर भारतीय नोंदणी आणि पासपोर्ट लगेच करून बाळाचा राहण्याचा परवाना काढावा लागतो, उशीर झाला की दंड चढतो.

अमेरिकेचं जरा वेगळं. तिथल्या राज्यघटनेची १८६८ ची चौदावी दुरुस्ती आणि १८९८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांच्या आधारावर तिथं जन्मलेलं मूल नागरिक धरलं जात आलं. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावरच्या आपल्या हजारो मुलामुलींची बाळं अशीच अमेरिकन झाली. २० जानेवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की आई तात्पुरत्या व्हिसावर असेल आणि वडील नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसतील, तर बाळाला नागरिकत्व मानायचं नाही. खालच्या न्यायालयांनी तो आदेश अडवला आणि डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण सुनावणीला घेतलं. ज्यांच्या घरी तिथं बाळंतपण आहे त्यांनी शेजाऱ्याच्या बाळाला काय मिळालं यावर जाऊ नये. आपल्या बाळाच्या जन्मदिवशी काय लागू आहे ते तिथल्या वकिलाकडून लेखी घ्यावं. आणि अमेरिकन पासपोर्ट मिळत नसेल तर ही वर्षाच्या आतली भारतीय नोंदणी त्यांनाही तितकीच निकडीची.

अमेरिकन पासपोर्ट मिळालेल्या मुलांचं दुखणं उलट असतं. एक जोडपं न्यू जर्सीहून कायमचं मुलुंडला परत आलं. मुलगी दोन वर्षांची, अमेरिकन पासपोर्टवर व्हिसा लावून आलेली. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम २० मध्ये एक सोय आहे: परदेशात जन्मलेल्या मुलाचे आईवडील स्थायिक व्हायला भारतात परतले, तर मूल आल्यापासून ६० दिवसांत त्याच्या जन्माची नोंद इथे करता येते. त्यांनी ती केली. महापालिकेचा दाखला हातात आला, मग आधार झालं, शाळा झाली. त्यांना वाटलं पोर भारतीय झाली. व्हिसा कधी संपला हे घरात कोणाच्या ध्यानातही राहिलं नाही. सात वर्षांनी सिंगापूरच्या सहलीला निघाले तेव्हा विमानतळावर तिला थांबवलं. मुलीला कळेना, आपण असं काय केलं. आईचा अक्षरशः पुतळा झाला होता. जन्माची नोंद जन्म कधी आणि कुठे झाला एवढंच सांगते. आधार तर कायद्यानंच नागरिकत्वाचा पुरावा नाही. त्या मुलीचा मुक्काम आधी दंड भरून नियमित करावा लागला, मग ओसीआय कार्ड काढलं, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला इथे राहू देणारं कार्ड. अमेरिकन नागरिकत्व सोडून तिला भारतीय करावं असं वडिलांच्या मनात होतं, पण अमेरिका अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाच्या वतीनं आईवडिलांना नागरिकत्व सोडू देत नाही. अशा घरांना मी सांगतो की ओसीआय ताबडतोब काढा. मतदान, सरकारी नोकरी आणि शेतजमिनीची खरेदी सोडली तर मुलाचं इथलं आयुष्य त्यावर सुरळीत चालतं.

मुंबईत जन्मलेल्या परदेशी मुलांबद्दल मात्र कोणी विचारतच नाही. अंधेरीच्या एका सोसायटीतल्या नेपाळी वॉचमनचा मुलगा माझ्याकडे आला होता. जन्म महापालिकेच्या इस्पितळात, शाळा मराठी माध्यमाची, दहावी-बारावी इथेच, बोलणं तुमच्याआमच्यासारखं. जहाजावर नोकरी मिळत होती म्हणून पासपोर्टला अर्ज केला, तो फेटाळला गेला. त्याचे आईवडील दोघंही नेपाळचे नागरिक. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला कोणीही भारतीय होता. त्यानंतर एक पालक भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा अवैध स्थलांतरित नको. हा मुलगा २००५ चा. आई भारतीय असती तर तो भारतीय ठरला असता, कारण नेपाळी माणसाला इथं राहायला व्हिसा लागत नाही आणि तो अवैध धरला जात नाही. त्याला नेपाळमधल्या वडिलांच्या जिल्ह्यात जाऊन तिथलं नागरिकत्व काढावं लागलं. त्या गावी तो आयुष्यात एकदाच गेला होता.

इथेही पुन्हा जन्मदिवसच मोजतात. भारतीय मुलीनं परदेशी विद्यार्थ्याशी किंवा नोकरदाराशी लग्न केलं असेल तर बाळंतपणाआधी नवऱ्याच्या व्हिसाची तारीख बघा. मुदत संपून तो राहिलेला असेल तर कायद्याच्या व्याख्येनं तो अवैध स्थलांतरित, आणि मग आई जन्मानं मुंबईकर असूनही बाळ जन्मानं भारतीय ठरत नाही. एका घरात अठरा दिवसांचा फरक पडला होता. मुदतवाढीचा अर्ज एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाच्या) संकेतस्थळावर अर्धा भरून तसाच राहिलेला. पुढे अज्ञान मुलाची नोंदणी कलम ५ खाली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत मागता येते (उपनगरात राहणाऱ्यांना वांद्रे पूर्वेचं कार्यालय), पण अठरा दिवसांपायी काही वर्षं जातात.

ताई, तुमच्या मुलीला पुढे ब्रिटिश व्हायचं असेल तर हेही कानावर घाला. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नातवाची ब्रिटिश नोंदणी होईल त्या दिवशी भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि ओसीआय घ्यायचं. "अठराव्या वर्षी परत भारतीय होता येतं" असं सांगणारे भेटतील. एका तरुणाच्या आईवडिलांनी, तो पोटात असताना, सिंगापूरचं नागरिकत्व घेतलं होतं. त्याचा भारतीय नागरिकत्वाचा दावा सर्वोच्च न्यायालयानं १८ ऑक्टोबर २०२४ ला फेटाळला. सज्ञान झाल्यावर नागरिकत्व परत मागण्याची कायद्यातली सोय, आईवडिलांनी स्वतः घोषणा करून भारतीय नागरिकत्व सोडलं असेल तिथंच लागू होते. परदेशाचं घेतल्यामुळे जिथं आपलं आपोआप गेलं, तिथं ती नाही.

आज रात्री मुलीला एवढं करायला सांगा: बाळाचा पूर्ण जन्मदाखला आणि तिचा स्वतःचा पासपोर्ट टेबलावर शेजारी ठेवून एक फोटो काढून पाठव. आपल्या मुलींची नावं लग्नानंतर बदलतात आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचाच राहतो. दाखल्यावर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं, असं झालेलं असेल तर दाखला दुरुस्त होईपर्यंत थांबून राहू नका. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि विवाह दाखला जोडून अर्ज पुढे जाऊ द्या. चष्मा लावून एकेक अक्षर तुम्हीच जुळवा. मुलीला रात्री बाळ झोपू देत नसेल, तिच्या नजरेतून एखादं अक्षर सुटेल.